कॅमेऱ्याशेजारचा माणूस

निरंजन खांबेटे बावीस वर्षं लखनौच्या मराठी मंडळात नाटकं करत होता, आणि या बावीस वर्षांत एकाही प्रेक्षकाने त्याचा चेहरा पाहिला नव्हता. तो प्रॉम्प्टर होता. दर गणेशोत्सवात मंडळाचं नाटक व्हायचं, आणि दरवर्षी हा विंगेतल्या स्टुलावर बसून, मांडीवर संहिता आणि हातात छोटी टॉर्च घेऊन, विसरलेल्यांना त्यांची वाक्यं पुरवायचा.

हे काम ज्यांना सोपं वाटतं त्यांनी एकदा विंगेत बसून दाखवावं. नट थांबला तर तो विसरला म्हणून थांबलाय की भाव खायला थांबलाय, हे अर्ध्या सेकंदात ओळखावं लागतं. भाव खाणाऱ्याला वाक्य पुरवलं तर तो मध्यंतरात येऊन भांडतो. विसरलेल्याला पुरवलं नाही तर तो घामाघूम होऊन विंगेकडे मान वळवतो आणि सगळ्या हॉलला कळतं. निरंजनची यात कधी चूक झाली नाही. वाक्यातले पहिले दोन शब्द, तेही पहिल्या रांगेपर्यंत जाणार नाहीत इतक्या हलक्या आवाजात, एवढंच तो द्यायचा. नाटक संपलं की नटांना पुष्पगुच्छ मिळायचे, फोटो निघायचे, आणि निरंजन खुर्च्या रचायला लागायचा. त्याला त्याचं काही वाटत नसे. वाटायला हवं होतं, पण नसे.

त्याचे वडील रेल्वेच्या नोकरीत साताऱ्याहून इथे आले. निरंजनचा जन्म आलमबागचा, शाळा आलमबागची, आणि घरही अजून तिथंच. एका विमा कंपनीच्या हजरतगंजमधल्या ऑफिसात तो क्लेम विभागात होता. रोज मेट्रोने जायचा, रोज मेट्रोने यायचा, आणि दारात गर्दी असली तर सगळ्यांना आधी चढू द्यायचा, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी त्याची गाडी चुकायची. वय सत्तेचाळीस. लग्न राहून गेलं होतं. त्याने कोणाला नाही म्हटलं नव्हतं, त्यालाही कोणी नाही म्हटलं नव्हतं. आधी वडिलांचं आजारपण सहा वर्षं चाललं, मग आईचे गुडघे, आणि आई गेल्यावर त्याच्यासाठी मुली बघणारंच कोणी उरलं नाही. स्वतःसाठी स्वतःच बघायचं असतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आणि मग तीन वर्षांपूर्वी मालिनी ठोसर लखनौला आली.

ती बँकेत मॅनेजर होती. नाशिकची, त्रेचाळीसची, लग्न पंचविशीत झालेलं आणि तिशीत मोडलेलं. गोमती नगरात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायची आणि स्कूटरवरून अख्खं शहर पालथं घालायची. मंडळात तिला पहिल्याच वर्षी नाटकात घेतलं. प्रयोगात दुसऱ्या अंकात ती थांबली. निरंजनला कळलं, ही भाव खात नाही, ही विसरली. त्याने दोन शब्द दिले, तिने वाक्य उचललं आणि टाळी घेतली. नाटक संपल्यावर सगळे फोटोत असताना ती खुर्च्या रचणाऱ्या माणसाकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही वाक्य सांगता ना, तेव्हा ते मलाच सुचलंय असं वाटतं."

इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. आता लपवून काय उपयोग, निरंजन त्या दिवसापासून तिच्या प्रेमात होता. अख्ख्या लखनौत ही गोष्ट फक्त त्याला माहीत होती, आणि त्यालाही ती धड कबूल नव्हती.

या वर्षी मात्र नाटकाचं घोडं अडलं. नायक म्हणून अभिराम नक्की होता. हा अमौसीला विमानतळावर एका एअरलाइनमध्ये काम करायचा. उंच, रुबाबदार, आवाज असा की प्रवाशांना विमान लेट असल्याचं सांगितलं तरी ते खूश होऊन परत जागेवर बसायचे. त्याची सुट्टी मंगळवारी. मालिनीची रविवारी. बाकीचे दिवस याची ड्यूटी कधी पहाटे, कधी दुपारी, आणि तिची बँक. दोघांना एकत्र तालमीला बसवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं.

"तो फिल्म बना लेते हैं," जुई म्हणाली.

जुई म्हणजे मंडळाच्या अध्यक्ष विजयाताईंची मुलगी. पंचवीस वर्षांची, फिल्मचा कोर्स केलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "दोनों को साथ में चाहिए ही नहीं, मम्मी. संडे को मालिनी मौसी का शूट कर लूँगी, ट्यूसडे को अभिराम अंकल का. बाद में जोड़ दूँगी. देखने वालों को लगेगा आमने-सामने खड़े हैं."

विजयाताई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट अर्धी सोडली नव्हती, दुर्दैवाने लेखनसुद्धा. त्यांनी आठ दिवसांत पटकथा लिहून काढली. नाव 'पाण्याची मोटर'. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि खालच्या मजल्यावरची बाई पाण्याच्या मोटरीवरून भांडतात आणि शेवटी लग्न करतात. लग्न करणार हे पहिल्या पानावरच कळायचं, आणि उरलेली चौतीस पानं ते दोघं सोडून सगळ्यांना ते माहीत असायचं. संवाद दोनदा वाचूनही निरंजनला त्यांत बोलण्यासारखं एक वाक्य सापडलं नाही. पण विजयाताईंना हे सांगणार कोण? त्याने नाही सांगितलं.

जुलैच्या पहिल्या रविवारी विजयाताईंच्याच गच्चीवर शूटिंग सुरू झालं. निरंजन सवयीने संहिता घेऊन पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. जुईने त्याला बाहेर ओढून काढलं.

"काका, वहाँ क्या कर रहे हो? यहाँ आइए, कैमरे के बगल में. मालिनी मौसी आपको देखकर बोलेंगी."

"मला? का?"

"अरे, अभिराम अंकल तो हैं नहीं ना! हवा से बात करेंगी क्या? आप उनकी लाइन पढ़िए. आपकी आवाज़ मैं बाद में काट दूँगी, उनकी डाल दूँगी."

झालं. कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, लेन्सला जवळजवळ खांदा लागेल असा निरंजन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो उजेडात उभा होता, आणि समोर चार हातांवर मालिनी ठोसर त्याच्याकडे बघत होती. त्याने संहितेत डोकं घातलं.

"काका, ऊपर देखिए, नहीं तो मौसी आपके गंजेपन से प्यार करेंगी."

मालिनी खळखळून हसली. निरंजनने मान वर केली आणि विजयाताईंचं वाक्य वाचलं: "तुमच्या मोटरीचा आवाज आला नाही, की मला आपलं चुकल्याचुकल्यासारखं होतं."

वाक्य काय लायकीचं होतं ते दिसतंच आहे. पण निरंजनकडे स्वतःचं म्हणून एकही वाक्य कधी नव्हतं, आणि दुसऱ्याचं वाक्य हातात असलं की त्याला धीर यायचा. त्याने ते मनापासून म्हटलं. हळूच, पण तिला नीट ऐकू जाईल असं, आणि यावेळी दोन शब्द नाही, सगळंच्या सगळं. मालिनीचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांत काहीतरी थांबलं. मग तिने उत्तर दिलं. जुई कट म्हणायला विसरली.

असे सात रविवार गेले. नायक मोटरीवरून जे जे भांडला ते निरंजन भांडला, नायकाने जी जी माफी मागितली ती निरंजनने मागितली, आणि सातव्या रविवारी नायकाने नायिकेला लग्नाचं विचारलं तेही पाठ करून, संहिता न बघता, निरंजननेच विचारलं. सगळं अभिरामच्या वतीने. त्याच्या मनात दुसरा विचार आलाच नाही. बाई काय अभिनय करते, एवढंच तो रात्री जेवताना स्वतःशी म्हणायचा.

मंगळवारी निरंजनला ऑफिस असायचं, त्यामुळे अभिरामच्या समोर उभं राहायला कोणीच नसे. जुई स्वतः मालिनीची वाक्यं वाचायची, पण ती कॅमेऱ्यामागे. अभिरामची नजर भरकटायला लागली. कधी आकाशात, कधी शेजारच्या गच्चीवर. तेव्हा जुईने दिव्याच्या स्टँडला, मालिनीचे डोळे जिथे असते त्या उंचीवर, चारबागहून आणलेलं रेवडीचं पाकीट लटकवलं. अभिरामला मार्चमध्ये डायबेटिस निघाला होता. लखनौची रेवडी हा त्याचा जीव की प्राण. चार महिने तिळगुळाचा कण पोटात नाही. त्या पाकिटाकडे तो ज्या नजरेने बघायचा, ज्या व्याकूळतेने आवंढा गिळायचा आणि "एकदा तरी हो म्हणा" हे वाक्य म्हणायचा, ते बघून विजयाताईंनी पदराला डोळे पुसले. शूटिंग संपल्यावर ते पाकीट जुई कुलपात ठेवायची.

दोघं एकत्र असे फक्त एकदा आले. ऑगस्टच्या एका रविवारी अभिरामने ड्यूटी बदलून घेतली आणि जुईने त्यांना गोमतीच्या काठावर चालत जाताना पाठमोरं, लांबून टिपलं. चालताना ते काय बोलत होते ते नंतर कळलं. अभिराम बँकेच्या फिक्स डिपॉझिटवर व्याज किती ते विचारत होता, आणि मालिनी सांगत होती.

त्याच दिवशी, सामान गाडीत भरेपर्यंत, मालिनी आणि निरंजन टपरीवर चहा घेत उभे राहिले. ती म्हणाली, "माझी तीन वर्षं झाली. बँकेचा फॉर्म आलाय. तीस सप्टेंबरपर्यंत सांगायचं, नाशिकला परत जाते की अजून तीन वर्षं इथेच राहते."

निरंजनच्या हातातला कुल्हड एकदम गरम लागला. "मग काय ठरवलंत?"

"घरचे म्हणतात ये. भाऊ आहे, वहिनी आहे, सगळं आहे. इथे काय आहे?" आणि ती थांबली.

ती विसरून थांबली होती की मुद्दाम थांबली होती? बावीस वर्षं हे ओळखण्यात गेलेल्या माणसाला त्या क्षणी ते ओळखता आलं नाही. "नाशिकची हवा चांगली आहे," तो म्हणाला. मालिनीने त्याच्याकडे क्षणभर बघितलं, कुल्हड फेकला आणि स्कूटरला किक मारली. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. ती गेली तर रविवार कशाला येतील, हेच त्याला कळेना.

गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी 'पाण्याची मोटर' दाखवली. हॉल गच्च भरला होता. मंडळाचे सगळे, एअर फोर्सवाली मराठी कुटुंबं, शिवाय कॉलनीतले हिंदी शेजारीपाजारी. खरं सांगायचं तर सिनेमात दम नव्हता. कथा घिसीपिटी, संवाद पाणचट, आवाज मधूनच विहिरीतून आल्यासारखा, आणि एका प्रसंगात आरशात जुईचा बूट स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या कोणी काम केलं असतं तर लोकांनी अर्ध्यातून उठून मोदकांकडे मोर्चा वळवला असता.

पण पडद्यावर मालिनीचा चेहरा आला आणि तिने समोर बघितलं, तेव्हा हॉलमधली कुजबुज थांबली. तिथून अभिरामचा चेहरा आला, हा माणूस आता रडतो की काय असा. परत मालिनी. ओठ भांडत होते आणि डोळे भलतंच काही सांगत होते. लोक पुढे सरकून बसले. "एकदा तरी हो म्हणा" ला शिट्ट्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका काकू जोरात म्हणाल्या, "अहो, ही नजर खोटी नाही हां! माझं वय झालंय, मला कळतं." शेजारच्या तिवारीजींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "क्या केमिस्ट्री है साहब, वाह!"

काकूंचं म्हणणं अगदी खरं होतं. त्यांना फक्त हे माहीत नव्हतं की एक नजर रेवडीकडे होती आणि दुसरी कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला. हे हॉलमध्ये दोनतीन माणसांना तरी माहीत असायला हवं होतं, आणि त्यांतला एक निरंजन. पण प्रॉम्प्टरला स्वतःला मोजायची सवय नसते. तो शेवटच्या रांगेत उभा होता आणि त्याला गलबलून आलं होतं. ती अभिरामकडे कशी बघते, हे तो बघत होता. आपण तिथे उभे होतो, हे त्याला आठवत होतं, पण खिडकी जशी तिथे असते तसे आपण होतो, असं तो धरून चालला होता. इतका हुशार माणूस इतका ढ असू शकतो, यावर विश्वास बसत नाही, पण तसं होतं.

विसर्जन होऊन मंडप उतरतो न उतरतो तोच विजयाताईंनी निरंजनला घरी बोलावलं. तिथे अभिराम आधीच बसलेला होता, समोर बिनसाखरेचा चहा.

"सगळ्यांनी बघितलंय," विजयाताई म्हणाल्या. "आता आंधळ्याचं सोंग घेण्यात अर्थ नाही. अभिरामची बायको जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला. मालिनी एकटी. जमवून टाकायचं. अभिरामला विचारलं मी."

"माझी काही हरकत नाही यार," अभिराम म्हणाला. आणखी एक पोळी घेणार का असं विचारल्यावर माणूस बोलतो तसा. "बाई चांगल्या वाटतात. व्याजाचं फार छान समजावून सांगितलं."

"उद्या पौर्णिमा. परवापासून पितृपंधरवडा," विजयाताई पुढे म्हणाल्या. "एकदा तो लागला की पंधरा दिवस असल्या गोष्टीचा शब्द काढायचा नाही. आणि तोवर ती फॉर्म भरून नाशिकला निघालेली असेल. तेव्हा उद्याच्या उद्या विचारायचं. आणि निरंजन, तू जायचंस. तुझं ऐकते ती."

"मी?"

"मग कोण? मी गेले तर तिला आदेश वाटेल. तू नीट सांगशील. उद्या संध्याकाळच्या आत मला फोन."

निरंजनला नाही म्हणता आलं असतं. माणसाच्या तोंडून ज्या दिवशी नाही यायला पाहिजे, नेमकं त्या दिवशी ते येत नाही. तो हो म्हणाला.

शनिवारी दुपारी तो हजरतगंजला मेट्रोतून उतरला, पुढे ऑटो केली, आणि सगळ्या वाटेत काय बोलायचं ते घोकत राहिला. मालिनीने दार उघडलं. चौथा शनिवार, बँकेला सुट्टी. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर बँकेचा फॉर्म.

"या, बसा. तुम्ही कधी नव्हे ते घरी आलात."

निरंजन खुर्चीच्या कडेवर बसला आणि घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. अभिराम चांगला माणूस आहे. नोकरी पक्की. स्वभाव शांत. मंडळातल्या सगळ्यांना वाटतं. विजयाताईंना वाटतं. सिनेमात तर सगळ्यांनी बघितलंच. तुमचा काय विचार?

मालिनीने सगळं ऐकून घेतलं. तिने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. निरंजनला धसका बसला. शूटिंगमध्येसुद्धा भांडणाचा प्रसंग असला की ती आधी घड्याळ काढायची.

"त्यांना माझ्याबद्दल काय माहीत आहे?" तिने विचारलं.

"सगळं माहीत आहे की."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... तुम्ही रागावलात की घड्याळ काढता. तुम्हाला वांगं आवडत नाही, पण कोणी वाढलं तर खाऊन टाकता. वाक्य विसरलात की उजव्या हाताचा अंगठा आत दुमडता. हसायला लागलात की आधी डावीकडे बघता. दिवाळीत घरी जाता तेव्हा चार दिवस आधीपासून खूश असता, आणि परत आलात की दोन दिवस कोणाशी बोलत नाही. चहात..."

"हे अभिरामरावांना माहीत आहे?"

निरंजन थांबला. "नाही. हे मला..."

खाली गल्लीत ई-रिक्षावाला सवारी सवारी ओरडत होता. मालिनी अगदी शांतपणे म्हणाली, "सिनेमात माझा आणि अभिरामरावांचा समोरासमोर एक तरी शॉट आहे का हो?"

"आहेत ना. गच्चीवरचा." निरंजन विचार करू लागला. "नाही, तो रविवारी झाला. जिन्यातला... तोही रविवारी. माफीचा, ते कांदे वाळत घातले होते तो..." क्लेमचे कागद तपासणारा माणूस तो, एकेक प्रसंग काढून तारखेशी लावू लागला. "नदीवरचा आहे."

"पाठमोरा. त्यात आम्ही व्याजावर बोलत होतो."

"हो."

"मग मी कोणाकडे बघत होते?"

एकेका रविवारच्या मागे एकेक रविवार उभा राहिला. गच्ची, जिना, कांदे, आणि सातवा रविवार, ज्या दिवशी संहिता हातात असूनही त्याने उघडली नव्हती. प्रत्येक ठिकाणी चार हातांवर मालिनी होती आणि तिच्यासमोर हा होता. दुसरं कोणी नव्हतंच. निरंजनचे कान लाल झाले. त्याला वाटलं उठून जावं, आणि त्याला वाटलं इथून आता कधीच उठू नये.

"मला वाटलं तुम्ही अभिनय करताय," तो कसाबसा म्हणाला.

"सुरुवातीला करत होते. दुसऱ्या रविवारपर्यंत," ती म्हणाली. तिचा आवाज आता तितकासा शांत राहिला नव्हता. "तुम्ही ती भिकार वाक्यं अशी म्हणायचात की मला घरी येऊन झोप लागायची नाही. मग नदीवर मी तुम्हाला विचारलं, इथे काय आहे. तर तुम्ही म्हणालात नाशिकची हवा चांगली आहे. हवा! आणि आज आलात ते अभिरामरावांसाठी विचारायला. तुमच्यासाठी विचारायला कोण येणार आहे, तेवढं सांगा. म्हणजे मी त्याची वाट बघते."

निरंजनने तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. विजयाताईंचं वाक्य नव्हतं, दुसऱ्या कोणाचं नव्हतं. मालिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्याला बघवेना.

"माझ्यासाठी कोणी येणार नाही," तो म्हणाला. "आई असती तर आली असती. आता मीच आहे. तुम्ही जाऊ नका. तुम्ही गेलात तर मला इथे राहवणार नाही. मी रोज तुमचाच विचार करतो. तीन वर्षं झाली. मला हे चांगल्या भाषेत सांगता येत नाही, पण लग्न कराल का माझ्याशी?"

हे त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं की समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला.

मालिनीने डोळे पुसले. मग ती डावीकडे बघून हसली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि मॅनेजरच्या आवाजात म्हणाली, "इथेच थांबायचं असेल तर कारण द्यावं लागतं. यादीतनं निवडायचं. वैद्यकीय, मुलांचं शिक्षण, कौटुंबिक." तिने कौटुंबिकवर टिचकी मारली. "आता विचारतोय, कुटुंबातल्या कोणासाठी. नातं काय."

"पती लिहा."

"खोटी माहिती दिली तर कारवाई होते. सही माझी आहे."

"मग खरी करू. शेवटची तारीख कधी?"

"तीस. आणि उद्यापासून पितृपंधरवडा आहे."

"माझी आई वीस वर्षं याच गोष्टीची वाट बघत होती," निरंजन म्हणाला. "पितरांत ती असली तर तीच घाई करेल."

यावर मालिनी इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग दोघांनी डोकी जवळ आणून यादी पुन्हा वाचली. शेवटी 'इतर' होतं आणि पुढे तपशिलासाठी मोकळी जागा. तिथे मालिनीने सरळ 'नियोजित पती' लिहिलं, नाव लिहिलं निरंजन सदाशिव खांबेटे, आणि फॉर्म पाठवून दिला. तीन वर्षांसाठी.

तेवढ्यात निरंजनचा फोन वाजला. विजयाताई. संध्याकाळपर्यंत धीर धरवला नव्हता.

"काय रे, विचारलंस?"

"विचारलं ताई."

"मग? काय म्हणाली?"

"हो म्हणाली. पण अभिरामला नाही ताई. मला."

पस्तीस वर्षं वर्गाला गप्प करणारी बाई स्वतः गप्प झालेली निरंजनने पहिल्यांदाच ऐकली. मागे जुईचा आवाज आला, "क्या हुआ मम्मी?" आणि मग विजयाताई म्हणाल्या, "अरे, पण सिनेमात ती एवढी बघत होती ती..."

निरंजनने समोर बघितलं. मालिनी घड्याळ परत मनगटाला बांधत होती.

"माझ्याकडे बघत होती," तो म्हणाला.